दोर कोठे बांधला आहे?

पावसाळा ओसरला, आकाश निवळले, की मुंबईच्या उंच इमारतींवर एक ठरलेले दृश्य दिसू लागते. वर्षभराच्या धुळीने आणि चार महिन्यांच्या पावसाने डागाळलेल्या काचा धुण्यासाठी गच्चीवरून दोर सोडले जातात, आणि त्या दोरांच्या टोकाशी पाटाएवढ्या फळीवर बसलेली माणसे एकेक मजला खाली सरकू लागतात. एका हातात साबणाच्या पाण्याचे फडके, दुसऱ्या हातात रबरी वायपर, बाजूला लोंबणारी बादली. रस्त्यावरून जाणारा क्षणभर मान वर करतो, मनाशी हळहळतो आणि आपल्या वाटेला लागतो. आतल्या थंडगार दालनात बसलेला गृहस्थ काचेपलीकडे एकाएकी उगवलेला चेहरा पाहून दचकतो आणि पुन्हा आपल्या कागदांत डोके घालतो. जीव टांगणीला लागणे हा वाक्प्रचार आपण सारे परीक्षेच्या निकालासाठी किंवा उशिरा येणाऱ्या गाडीसाठी वापरतो. या माणसांच्या बाबतीत तो अक्षरशः खरा आहे. तरीही त्यांच्याविषयीचा सर्वांत साधा प्रश्न आपण विचारत नाही. त्यांचा दोर वर कोठे बांधला आहे, तो कोणी तपासला आहे, आणि तो निसटला तर जबाब कोणी द्यावयाचा?

देशापुढे मोठमोठे प्रश्न आ वासून उभे असताना काचा पुसण्याचा विषय पहिल्या पानावर कशाला, असे काही वाचकांना वाटेल. त्यांना आमचे सांगणे असे की, मुंबईने वरच्या दिशेने वाढण्याचे ठरविले आहे आणि ठाणे, नवी मुंबई, पुणे ही शहरे तिच्या मागोमाग निघाली आहेत. इमारत एकदा बांधली जाते. ती धुवावी मात्र दरवर्षी लागते, आणि ती उभी आहे तोवर, म्हणजे पन्नास-साठ वर्षे, धुवावी लागते. मुंबईच्या हवेत समुद्राचा खार आहे, बांधकामांची धूळ आहे, वाहनांचा धूर आहे. ही पुटे दीर्घकाळ साचू दिली तर काच नुसती मळत नाही, ती कायमची डागाळते. तेव्हा ज्या दिवशी एखाद्या बुरुजाला नखशिखांत काच लावण्याचा निर्णय होतो, त्याच दिवशी पुढील अर्धशतकभर माणसांना त्या काचेवरून खाली सोडण्याचा निर्णयही झालेला असतो. पहिला निर्णय वाजतगाजत होतो. दुसऱ्याची नोंद कोठेही होत नाही. आमचा आक्षेप नेमका या न झालेल्या नोंदीला आहे.

हा प्रश्न जुना नाही. आपल्या पूर्वीच्या घरांना तो ठाऊक नव्हता. गिरगावातील चाळींच्या खिडक्या आतून उघडत आणि गृहिणी त्या आतूनच पुसून घेत. मरीन ड्राइव्हवरील आर्ट डेको इमारती 2018 साली युनेस्कोच्या जागतिक वारशात समाविष्ट झाल्या. त्यांच्याकडे पाहिले तर प्रत्येक खिडकीवर छज्जा दिसतो. ऊन व पाऊस यांपासून खिडकीचे रक्षण करणारा तो छज्जा आणि उघडणारी तावदाने ही या हवामानातील वास्तुकलेची शहाणी परंपरा होती. अमेरिकेतही 1931 साली उभ्या राहिलेल्या एंपायर स्टेट इमारतीच्या साडेसहा हजार खिडक्या उघडणाऱ्याच होत्या. तेथील कामगार खिडकीतून बाहेरच्या कंगोऱ्यावर पाऊल टाकीत आणि कमरेचा पट्टा चौकटीशेजारच्या कड्यांत अडकवून काच पुशीत. काम भयंकरच होते. पण पट्टा अडकविण्याची कडी इमारतीबरोबरच बसविलेली होती, एवढे तरी त्या बांधणाऱ्यांचे श्रेय मान्य केले पाहिजे.

कायमच्या बंद काचेचा जमाना आला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. न्यूयॉर्कमध्ये 1952 साली लीव्हर हाउस ही इमारत पूर्ण झाली. वातानुकूलनामुळे खिडकी उघडण्याची गरज संपली आणि सगळी इमारत हिरव्या-निळ्या काचेच्या पडद्यात गुंडाळली गेली. मालक साबणाचा कारखानदार. त्याची इमारत मळकी दिसून कसे चालेल? म्हणून गच्चीवर रूळ टाकण्यात आले आणि त्यांवरून फिरणाऱ्या यंत्राला माणसे वाहून नेणारा झुला टांगण्यात आला. काच हवी तर ती धुण्याची सोयही इमारतीचाच भाग असली पाहिजे, हे त्या आराखड्यात गृहीत होते. पुढे जगभर लीव्हर हाउसच्या काचेची नक्कल झाली. आपल्याकडेही 1991 च्या आर्थिक धोरणानंतर ती लाट आली आणि बँका, विमा कंपन्या, संगणक कंपन्या यांच्या कचेऱ्यांनी काचेची वस्त्रे परिधान केली. मात्र अनेक ठिकाणी काच तेवढी आली. गच्चीवरचे रूळ मागेच राहिले.

ही सोय आरंभापासून केली तर काय साधते, याचे उदाहरण दुबईत आहे. जानेवारी 2010 मध्ये खुली झालेली बुर्ज खलिफा ही 828 मीटर उंचीची इमारत. तिला 24,348 खिडक्या आहेत आणि काचेचे क्षेत्रफळ सुमारे 1,20,000 चौरस मीटर आहे. तिच्या अंगावर तीन पातळ्यांवर आडवे रूळ बसविलेले आहेत आणि त्यांवरून धुलाईची यंत्रे फिरतात. यंत्रे सुरळीत चालू असताना 36 कामगारांना सर्व काचा एकदा धुण्यास तीन ते चार महिने लागतात. अगदी शिखराजवळच्या भागासाठी विशेष प्रशिक्षित माणसेच दोरावर चढतात. जगातील सर्वांत उंच इमारतीलाही माणसाचा हात टळलेला नाही, हा या माहितीतील पहिला बोध. दुसरा बोध असा की, त्या हाताला आधार देण्याची तजवीज नकाशावरच करता येते.

अर्थात यंत्रे आली म्हणजे अपघात संपले असे नव्हे. डिसेंबर 2007 मध्ये न्यूयॉर्कमध्ये एका 47 मजली इमारतीच्या काचा धुण्यासाठी निघालेल्या दोन भावांचा झुला गच्चीवरून सुटला. गच्चीवर त्याच्या तारा नीट जखडलेल्या नव्हत्या. एक भाऊ जागीच ठार झाला. दुसरा कित्येक शस्त्रक्रियांनंतर वाचला, याचे डॉक्टरांनाही आश्चर्य वाटले. नोव्हेंबर 2014 मध्ये त्याच शहरातील नव्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या अडुसष्टाव्या मजल्याजवळ झुल्याची एक बाजू एकाएकी खचली आणि दोन कामगार जवळजवळ दोन तास तिरप्या फळीला धरून अधांतरी राहिले. अग्निशमन दलाने आतून काच कापून त्यांना ओढून घेतले. आपल्याकडेही अशा घटना घडतात. पण त्या आतल्या पानावर चार ओळींत छापल्या जातात, 'दोर तुटून मजुराचा मृत्यू' एवढ्या मथळ्याने. चार ओळींत छापणाऱ्यांत वृत्तपत्रेही आलीच. त्या मथळ्यात दोर हाच जणू आरोपी असतो.

दोर आपण होऊन क्वचितच तुटतो. तो कठड्याच्या धारदार कडेवर घासतो, कारण तेथे गोणपाटाची घडीसुद्धा घातलेली नसते. तो पाण्याच्या टाकीच्या खांबाला किंवा गंजलेल्या पाइपाला बांधलेला असतो, कारण गच्चीवर त्यासाठी केलेली पक्की कडी नसते. कामाचा दोर आणि जिवाचा दोर हे दोन वेगळे असावेत आणि दोन वेगळ्या ठिकाणी बांधलेले असावेत, हा या व्यवसायातील पहिला धडा आहे. एक दगा देईल तेव्हा दुसरा धरील, इतकी ती साधी गोष्ट आहे. दुसऱ्या दोराचा खर्च वाचविला की ती उरत नाही. वारा जमिनीवर मंद असला तरी चाळिसाव्या मजल्यावर तो तसा नसतो, आणि दोन बुरुजांच्या मधल्या फटीत तर तो कोंडल्यासारखा सुसाट वाहतो. शंभर मीटर उंचीवरून सुटलेली वस्तू सुमारे साडेचार सेकंदांत जमिनीवर येते. तेवढ्या वेळात कोणाला हाकही मारता येत नाही. पडण्यापासून वाचलेल्याचेही संकट संपत नाही. सुरक्षा पट्ट्यांत निश्चल लोंबकळत राहिलेल्या माणसाच्या पायांत रक्त साचते आणि काही मिनिटांतच त्याची शुद्ध हरपू शकते. अग्निशमन दलाची शिडी अतिउंच मजल्यांपर्यंत पोहोचत नाही. म्हणजे त्याला उतरवून घेण्याची तयारी काम सुरू होण्यापूर्वीच गच्चीवर असावी लागते.

या सर्व गोष्टी इतर देशांना सुचल्या आणि आपल्याला सुचल्या नाहीत, असे म्हणणे मात्र खरे होणार नाही. ब्रिटनमध्ये 1992 च्या कार्यस्थळविषयक नियमांनी असे बंधन घातले की, खिडक्या सुरक्षितपणे धुता येतील अशाच रीतीने त्या बांधल्या गेल्या पाहिजेत. अमेरिकेने नोव्हेंबर 2016 मध्ये केलेले नियम आणखी रोखठोक आहेत. दोरावरून उतरून काम करावयाचे असेल तर इमारतीच्या मालकाने कंत्राटदाराला लेखी कळविले पाहिजे की, गच्चीवरील प्रत्येक कडी तपासलेली व प्रमाणित आहे आणि ती प्रत्येक कामगारामागे किमान 5,000 पौंड, म्हणजे सुमारे 2,270 किलो, भार पेलू शकते. कड्यांची तपासणी दरवर्षी झाली पाहिजे आणि प्रमाणपत्र दहा वर्षांच्या आत नव्याने घेतले पाहिजे. हे पत्र हाती आल्याखेरीज कंत्राटदाराने एकाही माणसाला खाली सोडता कामा नये. अन्य मार्ग शक्य असताना 300 फुटांहून अधिक उंचीवर दोराने उतरण्यास मनाई आहे. या नियमांचे मर्म एका शब्दात सांगता येईल: मालक. कडी त्याच्या गच्चीवर आहे, म्हणून उत्तर त्याने द्यावयाचे.

आणि आपल्याकडे? 1996 च्या बांधकाम कामगार कायद्यातील 'बांधकाम' या शब्दाच्या व्याख्येत दुरुस्ती व देखभालही येत होती. त्या कायद्याखाली 1998 साली झालेल्या केंद्रीय नियमांत तर वास्तुविशारद व आराखडाकार यांचे कर्तव्यच सांगितले होते की, इमारतीच्या देखभालीत विशेष धोका असेल तर त्याचा विचार आराखडा करतानाच केला पाहिजे. 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने हे कर्तव्य कायम ठेवले, आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून ही संहिता अन्य तीन कामगार संहितांसह अमलात आली आहे. म्हणजे जे लंडनमध्ये 1992 साली लिहिले गेले, ते थोड्याच वर्षांनी दिल्लीतही लिहिले गेले. कागद आपल्यापाशी आहे. काचेचा बुरुज उभारताना एखाद्या आराखडाकाराला त्या कागदाची आठवण कोणी करून दिली, असे मात्र ऐकिवात नाही.

कायदा कागदावरून गच्चीवर का चढत नाही, याची कारणे शोधली तर तीन-चार भोके स्पष्ट दिसतात. पहिले भोक संख्येचे. 1996 चा कायदा दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होता, आणि नव्या संहितेचा उंबरठाही सर्वसाधारणपणे दहाचाच आहे. काचा पुसणारी तुकडी बहुधा चार-सहा जणांची असते. पटावर नऊच नावे दाखविली की कायदा उंबरठ्याबाहेर उभा राहतो. पहिल्या माणसाचा जीव दहाव्या माणसाच्या जिवापेक्षा स्वस्त आहे काय?

दुसरे भोक भरपाईचे. 1923 च्या भरपाई कायद्याने कंत्राटदाराच्या कामगारासाठी मूळ मालकाला जबाबदार धरले खरे. पण ते काम मालकाच्या नेहमीच्या धंद्याचा भाग असेल तरच. सामाजिक सुरक्षा संहितेतही हीच चौकट राहिली आहे. बँकेचा धंदा पैशांचा, विमा कंपनीचा विम्याचा. काचा धुणे हा आमचा धंदा नव्हे, असा युक्तिवाद करून काखा वर करण्यास त्यामुळे जागा उरते. विमा कंपनीच्या इमारतीवरून पडलेल्या माणसाला विमा नसावा, यापरता विपर्यास कोणता?

तिसरे भोक शिक्षेचे. निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्याबद्दल जुन्या दंडसंहितेत दोन वर्षांपर्यंत कैद होती. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या न्यायसंहितेत ती पाच वर्षांपर्यंत वाढली. पण गुन्हा दाखल होतो तेव्हा हात पडतो तो बहुधा साखळीतल्या शेवटच्या कडीवर, म्हणजे मुकादमावर किंवा उपकंत्राटदारावर. वर कंत्राटदार, त्याच्या वर देखभाल कंपनी, तिच्या वर मालक, अशी ही उतरंड आहे. जितके वर जावे तितकी कागदपत्रे स्वच्छ. काचाही वरूनच धुतल्या जातात. घाण खाली वाहते.

चौथे भोक तपासणीचे, आणि ते आम्हांला सर्वांत बोलके वाटते. इमारतीच्या आत जी लिफ्ट वर-खाली करते, तिच्यासाठी मुंबई प्रांतात 1939 सालीच कायदा झाला. त्याची जागा घेणारा महाराष्ट्राचा कायदा 2017 चा. लिफ्ट बसवावयाची तर परवाना हवा, चालवावयाची तर सरकारी निरीक्षकाची तपासणी हवी. योग्यच आहे, तिच्यातून आपण, आपली मुले, आपले पाहुणे प्रवास करतात. त्याच इमारतीच्या बाहेर, त्याच उंचीवर, तारेला टांगलेला झुलाही वर-खाली करतो. 2017 च्या कायद्याच्या नावात लिफ्ट आहे, सरकते जिने आहेत, सपाटीवर चालणारे सरकते पट्टेसुद्धा आहेत. बाहेरच्या झुल्याचे नाव नाही. भिंतीच्या आतला माणूस आणि भिंतीच्या बाहेरचा माणूस यांच्यात एका काचेचे अंतर. कायद्याच्या दृष्टीने मात्र ते ऐंशी वर्षांहून अधिक आहे.

महाराष्ट्राला हे शोभत नाही, असे आम्ही म्हणतो त्याला इतिहासाचा आधार आहे. ज्या परळ-लोअर परळ भागात आज काचेचे बुरुज उभे आहेत, तेथे काल गिरण्यांची धुराडी होती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली गिरणी कामगारांना संघटित केले आणि 1890 साली त्यांना रविवारची सुटी मिळवून दिली, ती याच मुंबईत. 1948 च्या कारखाने कायद्याने त्या कामगारामागे निरीक्षक उभा केला; यंत्राला कुंपण हवे, जिन्याला कठडा हवा, हे त्याने मालकाला बजावले. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या खचल्या आणि त्यांच्या जमिनींवर कचेऱ्या व निवासी मनोरे आले. जमीन तीच राहिली. पण कचेरी हा कारखाना नव्हे, म्हणून त्या जमिनीवर पूर्वी येणारा निरीक्षक नाहीसा झाला. गिरणीच्या छपराखाली काम करणाऱ्याला जे संरक्षण होते, ते त्याच जागी चाळीस मजले उंचीवर लोंबणाऱ्याला नाही.

शिवाय असंघटितांना संरक्षण देण्याची वाट या राज्यानेच देशाला दाखविली आहे. डोक्यावर ओझे वाहणाऱ्या माथाडींसाठी 1969 साली, फाटकाशी उभ्या राहणाऱ्या सुरक्षारक्षकांसाठी 1981 साली आणि घरकाम करणाऱ्या भगिनींसाठी 2008 साली महाराष्ट्राने स्वतंत्र कायदे केले आणि मंडळे स्थापिली. याचा अर्थ असा की, एखाद्या मनोऱ्याच्या फाटकावरचा माणूस, त्याच्या दारात सामान उतरविणारा माणूस आणि त्याच्या स्वयंपाकघरात राबणारी बाई या तिघांची दखल महाराष्ट्राच्या विधिमंडळाने घेतली. त्याच मनोऱ्याच्या बाहेर लोंबणाऱ्या माणसासाठी वेगळा विचार झालेला नाही. बांधकाम कामगारांच्या कल्याण मंडळात त्याला जागा आहे असे कोणी म्हणेल. पण त्यासाठी वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. पावसाळ्यात ज्याचे काम थांबते, ज्याचा कंत्राटदार दर महिन्याला बदलतो, त्याने तो दाखला कोणाकडे मागावयाचा? यांतील कोणी मराठवाड्यातून आलेला असतो, कोणी उत्तर प्रदेश, बिहार किंवा बंगालमधून. त्यांची संघटना नाही, आणि त्यांच्या मतांचा हिशेब येथे कोणी मांडीत नाही.

या सूचनांवर जे आक्षेप येतील ते आम्हांला ठाऊक आहेत. हे लोक आपखुशीने हे काम करतात, त्यांना मजुरीही थोडी अधिक मिळते, असे सांगितले जाईल. सिंहगडावर सूर्याजीने दोर कापल्याची कथा मराठी माणसाला बालपणापासून पाठ आहे, आणि परतीचे दोर कापणे हा आपल्या भाषेत पराक्रमाचा वाक्प्रचार होऊन बसला आहे. पण ते युद्ध होते आणि त्या मावळ्यांचा सेनापती त्यांच्या आधी गड चढला होता. संध्याकाळी मजुरी घेऊन घरी परतण्यासाठी जो गच्चीवर चढतो, त्याच्याकडून पराक्रमाची अपेक्षा करण्याचा अधिकार कोणालाही नाही. पोटासाठी पत्करलेल्या धोक्याला आपखुशी म्हणणे ही शब्दांची फसवणूक आहे.

दुसरा आक्षेप खर्चाचा. ज्या इमारतीतील एकेका घराची किंमत कोटींत मोजली जाते, तिच्या गच्चीवर पोलादी कड्या बसविण्याचा खर्च तिला डोईजड होईल, यावर विश्वास ठेवणे कठीण आहे. बांधकाम चालू असताना स्लॅबमध्येच कडी बसविणे हे नंतर भोके पाडून बसविण्यापेक्षा स्वस्तही असते आणि मजबूतही. तिसरा आक्षेप नव्या युगाचा: आता यंत्रमानव येत आहेत, माणूस लवकरच उतरेल. यंत्रमानव येतीलही; न्यूयॉर्कमध्ये त्यांचे प्रयोग प्रत्यक्ष इमारतींवर सुरू झाले आहेत. त्यांचे आम्ही स्वागतच करू. पण तो यंत्रमानवही झुल्यावरूनच सोडला जातो आणि झुला गच्चीलाच बांधावा लागतो. शिवाय उभ्या असलेल्या शेकडो इमारतींवर तो पोहोचेपर्यंत या हंगामात व पुढच्या हंगामात दोरावर माणूसच असणार आहे. उद्याच्या यंत्राची आशा दाखवून आजच्या माणसाची जबाबदारी टाळता येणार नाही.

तेव्हा आमच्या मागण्या थोड्या आणि स्पष्ट आहेत. पहिली महानगरपालिकेकडे. ठरावीक उंचीपलीकडच्या कोणत्याही नव्या इमारतीला, बाहेरच्या भिंती व काचा धुण्याची कायम व्यवस्था नकाशात दाखविल्याशिवाय बांधकामाची परवानगी मिळू नये, आणि ती व्यवस्था प्रत्यक्ष तपासल्याशिवाय भोगवटा प्रमाणपत्र मिळू नये. अग्निशमनाची व्यवस्था जशी पाहिली जाते, तशीच ही पाहिली जावी. दुसरी मागणी राज्य शासनाकडे. उंचीवर टांगलेल्या प्रत्येक झुल्याला व दोर बांधण्याच्या प्रत्येक कडीला लिफ्टप्रमाणे परवाना व वार्षिक तपासणी लागू करावी. त्यासाठी नवे खाते नको, असलेल्या निरीक्षकांची संख्या व अधिकार वाढविले तरी पुरे. तिसरी मागणी अशी की, या कामापुरता दहा माणसांचा उंबरठा काढून टाकावा, आणि अपघात झाल्यास भरपाईची पहिली जबाबदारी इमारतीच्या मालकाची असावी, मग तो मालक कंपनी असो, बिल्डर असो की गृहनिर्माण संस्था असो. त्याने पुढे कंत्राटदाराकडून ती खुशाल वसूल करावी. कामगाराच्या विधवेला मात्र उतरंडीच्या पायऱ्या मोजीत हिंडावे लागू नये. चौथी मागणी प्रशिक्षणाची. शासनाच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत तारतंत्री व जोडारी यांचे शिक्षण मिळते, तसे उंचीवरील कामाचे शिक्षण मिळावे आणि प्रमाणपत्राशिवाय कोणालाही दोरावर सोडू नये.

शासनाला चार शब्द सुनावून अग्रलेख संपविणे सोपे असते. परंतु या बाबतीत शासनाइतकेच उत्तरदायित्व आमच्या वाचकांवर आहे, हे सांगितल्याशिवाय आमचे कर्तव्य पुरे होणार नाही. उंच इमारतींचे मालक म्हणजे केवळ बड्या कंपन्या नव्हेत. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या रूपाने सुशिक्षित मध्यमवर्ग स्वतःच आज मालक झाला आहे. संस्थेच्या सभेपुढे तीन दरपत्रके येतात, सर्वांत कमी दराचे बोलीवर मंजूर होते, आणि पैसे वाचविल्याबद्दल चिटणिसांचे अभिनंदन होते. तो दर कमी कशामुळे झाला, हे कोणी विचारीत नाही. कित्येकदा त्या वजाबाकीत दुसरा दोर असतो, विमा असतो, एखाद्या प्रशिक्षित माणसाची मजुरी असते. ही काटकसर नव्हे. दुसऱ्याच्या जिवावर केलेली उधारी आहे.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर प्रत्येक संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना, कंत्राटदाराचा माणूस कठड्यापलीकडे पाय टाकण्यापूर्वी, काही गोष्टी आजच करता येतील. गच्चीवर दोर बांधण्याच्या जागा अभियंत्याकडून तपासून घ्याव्यात आणि तसे लेखी द्यावे. प्रत्येक माणसाला दोन दोर आहेत व ते दोन निरनिराळ्या ठिकाणी बांधलेले आहेत, हे पाहावे. कठड्याच्या कडेवर दोराखाली जाड आवरण आहे, वर एक माणूस सतत पहाऱ्यावर आहे आणि खाली रस्ता अडविलेला आहे, याची खात्री करावी. कामगारांच्या विम्याची प्रत मागावी. वारा वाढला तर काम थांबवावे आणि थांबलेल्या दिवसाची मजुरी कापू नये. मजुरी कापली तर माणूस वाऱ्यातही उतरतो. यांतील एकाही गोष्टीसाठी मंत्रालयात खेटे घालावे लागत नाहीत. अर्धा तास आणि थोडी चाड एवढेच लागते.

नगराची प्रतिष्ठा त्याच्या मनोऱ्यांच्या उंचीवर मोजण्याची आज चाल पडली आहे. आम्ही तिचे विरोधक नाही. मुंबईने उंच व्हावे, देखणे व्हावे, स्वच्छही दिसावे. पण ती स्वच्छता ज्यांच्या हातांनी होते, त्यांच्या दोराचे वरचे टोक आज कंत्राटाच्या कागदाला बांधलेले आहे. ते मालकाच्या जबाबदारीला आणि शासनाच्या तपासणीला बांधले गेले पाहिजे. या हंगामाचे दोर आता सुटू लागले आहेत. म्हणून महानगरपालिका, शासन आणि गृहनिर्माण संस्था यांनी पुढच्या पावसाळ्याची वाट न पाहता कामाला लागावे, अशी आमची मागणी आहे.